दीड, अक्षरी

रविवार, ७ सप्टेंबर

आजपासून शिकवणी सुरू. दोघंच आहेत. नुमान मस्कतचा, गप्प मुलगा. रय्या इब्रीची, वय पंचवीस, गप्प अजिबात नाही. पेसमेकर बसवताना डॉक्टरांच्या मदतीला कसं उभं राहायचं आणि नंतर वर्षानुवर्षं तो पेशंट कसा तपासायचा, हे तीन महिन्यांत यांना शिकवायचं. मुंबईच्या इस्पितळात मी टेक्निशियन होतो, इथे फिजिऑलॉजिस्ट म्हणतात. काम तेच.

जानेवारीत इब्रीला पेसमेकरची तपासणी सुरू करायची आहे. रय्या पास झाली तरच. तिच्या आजीला पेसमेकर आहे. दहा मिनिटांच्या तपासणीसाठी म्हातारीला इथे मस्कतला यायला तीन तास आणि परतायला तीन तास लागतात. हे तिने पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं.

पहिला धडा थ्रेशोल्डचा. हृदयाला ठोका द्यायला कमीत कमी किती व्होल्ट पुरतात तो आकडा. व्होल्ट हळूहळू कमी करत जायचं, ठोका चुकला की थांबायचं. मग पेसमेकर त्या आकड्याच्या दुप्पट ठेवायचा. एक असेल तर दोन, दीड असेल तर तीन. 'दीड' हा शब्द तोंडातून निघून गेला तर रय्याने धरलाच. एक पूर्णांक पाचला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे? मग अडीच, सव्वा, पावणेदोन सगळं लिहून घेतलं. 'दीड' तिला छान जमतो.

माझ्या टिपणवहीतले मराठी आकडे बघून म्हणाली, "उस्ताज, तुमचं शून्य म्हणजे आमचे पाच." उस्ताज म्हणजे सर. त्यांचा पाच खरोखरच छोटा गोल असतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी म्हटलं, म्हणूनच इकडे येऊन आमच्या शून्याला किंमत आली. दोघंही हसली. मी त्यांना सांगितलं की घाईत माणसाने आपल्या हाताच्या सवयीच्या आकड्यांत लिहावं, हात चुकत नाही. नंतर इंग्रजीत करून घ्यायचं.

घरी वासंतीने विचारलं, ही शिकून तयार झाली की तुमचं काय? डिसेंबरात करार संपतोय. मी म्हटलं, सोळा वर्षं झाली, मला ठेवतील. पोरगी मागे पडावी, माझ्या मनात तसलं काही नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज पेसमेकर बसवताना रय्या पहिल्यांदा मशीनवर होती. डॉ. आफरीन तार हृदयात टेकवतात, आम्ही काचेपलीकडून आकडे सांगतो. रय्या सगळं मोठ्याने सांगते. एकदा सांगून वर पुन्हा सांगते. डॉ. आफरीन म्हणाल्या, "आवाज चांगला आहे हिचा." सोळा वर्षांत माझ्या आवाजाबद्दल त्या काही बोललेल्या नाहीत. अर्थात तशी गरजही पडली नाही.

दुपारी ओपीडीतही तिचं तेच, ठोका चुकला की ओरडते. "लॉस ॲट वन पॉइंट टू!" पेशंट टेबलावर जागा, 'लॉस' ऐकून त्याचा चेहरा पडला. मी दोघांनाही सांगितलं, इथे बोलायचं नाही. आकडा चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात द्यायचा, मशीनमध्ये मी भरेन. मुंबईत आम्ही एका सकाळी साठ पेशंट असेच काढायचो. रय्या म्हणाली, पण मोठ्याने म्हटलं तर दोघांना ऐकू येतं. मी म्हटलं, मला लिहिलेलं पुरतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. घुब्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी सगळे जमणार होते, वासंतीने पाचला घरी या म्हणून बजावलं होतं. आजच नेमके एकतीस पेशंट आणि प्रिंटरचा कागद अडकलेला. दोन टेबलं एकदम चालवली. एकीकडे नुमान, एकीकडे रय्या, मधे मी.

रमण तोरस्कर आला होता. कुडाळकडचा, रुसैलच्या एका कारखान्यात पॅकिंग मशीनचा फिटर. त्याचं स्वतःचं हृदय मिनिटाला जेमतेम तीस ठोके देतं, बाकी सगळा पेसमेकरचा कारभार. रय्याने मोजून चिठ्ठी दिली. मागच्या वर्षी सव्वा होता, या वेळी एकच. सुधारला म्हणायचं. अडीचवरून दोनवर आणून ठेवला. बॅटरी निदान दोन वर्षं जास्त जाईल. रमणला म्हटलं, हे तुला दसऱ्याचं सोनं. खूश झाला. माझ्या हाताला हात लावून नमस्कार करतो तो, मला अवघडतं.

रय्या काही विचारायला आली होती, मी घड्याळ दाखवलं. उद्या म्हटलं. उद्या शुक्रवार, सुट्टी आहे हे नंतर लक्षात आलं.

पाचला घरी पोचलो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

रमणला सकाळी कारखान्यातून ॲम्ब्युलन्सने आणलं. दोन दिवस अंगात ताप होता, तसाच कामावर गेला आणि मशीनजवळ कोसळला. मनगट मोडलं. मशीन बंद होतं म्हणून तेवढ्यावर भागलं.

ईसीजीची पट्टी बघितली. पेसमेकर वेळेवर ठोका देतोय आणि हृदय घेत नाहीये. तीन ठोक्यांत एक घेतंय. तापात थ्रेशोल्ड वर चढला, दोन व्होल्ट पुरेनात. मी तीनच्या वर नेलं, लगेच सुरळीत. रमणने डोळे उघडले, मला बघितलं, आणि डावा हात कपाळाकडे नेऊन नमस्कार केला.

डॉ. आफरीननी विचारलं, दोन कुणी ठेवलं? मी. का? चिठ्ठीवर एक होतं. रय्या शेजारी उभी होती. म्हणाली, "वन पॉइंट फाइव्ह. मी एक पूर्णांक पाच लिहिलं होतं." तिचा आवाज पहिल्यांदाच लहान ऐकला. डॉ. आफरीननी दोघांकडे बघितलं. मी म्हटलं, मी वाचलं ते एक होतं. खरं तेच सांगितलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

चौकशी. चिठ्ठी कुठे? मी सांगितलं, चिठ्ठ्या आम्ही टाकून देतो. मशीनमध्ये मोजणी साठवलेली नाही, छापील कागद नाही. मला तोंडी समज मिळाली, यापुढे स्वतः पडताळून घ्या. रय्याला ओपीडीतून काढून ईसीजीच्या खोलीत बसवलं. महिनाअखेर तिच्याबद्दल ठरवतील. बहुधा इब्रीला परत.

चिठ्ठ्या लिहायला मी सांगितलं होतं, ते कुणी विचारलं नाही. रय्यानेही सांगितलं नाही.

पोरगी हुशार आहे, पण हे काम हुशारीचं नाही, नेटकेपणाचं आहे. एक आकडा नीट लिहायचा असतो. मला वाईट वाटतं तिचं. माझ्या मनात तसलं काही नाही, हे पुन्हा लिहून ठेवतो.

रविवार, १२ ऑक्टोबर

चिठ्ठी सापडली. वासंती धुण्याआधी खिसे रिकामे करते आणि निघालेलं सगळं फ्रिजवरच्या वाडग्यात टाकते. दसऱ्याच्या दिवशीच्या शर्टातून ती पिवळी चिठ्ठी निघाली होती. वर रमणचा फाइल नंबर इंग्रजीत, आणि खाली घाईत काढलेला आकडा. एक उभी रेघ, स्वल्पविराम, पुढे छोटं गोल. एक पूर्णांक शून्य. पाच दिवसांनी छातीवरचा दगड उतरला.

जेवताना वासंतीला दाखवली. म्हटलं बघ, इतके दिवस मला झोप नाही आणि चूक कुणाची. पूर्वा पलीकडून वाकून बघत होती. दहावीला आहे, शाळेत तिसरी भाषा अरबी.

"बाबा, हे शून्य नाही. पाच आहे. अरेबिक पाच."

मी म्हटलं, वरचा नंबर इंग्रजीत आहे, मग खालचा अरबी कसा असेल?

"ते मला नाही माहीत. पण त्यांचा झीरो डॉट असतो. हे वन पॉइंट फाइव्ह आहे. बघा ना, कॉमा पण उलटा आहे."

वासंतीने तिला आमटी वाढली. मग मला वाढली.

मी म्हटलं, तिने इंग्रजीतच लिहायला हवं होतं. दोघी जेवत राहिल्या.

सोळा वर्षं मी इथल्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचतोय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज सांगणार होतो. डॉ. आफरीनच्या खोलीबाहेर दोन माणसं होती.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ईसीजीच्या खोलीवरून जाण्याऐवजी मागच्या जिन्याने जातो. व्यायाम होतो.

रविवार, १९ ऑक्टोबर

रमण तपासायला आला. हाताला प्लास्टर, बरोबर कामगारांच्या कॅम्पातला एक जोडीदार. आमसुलं आणली होती, गावाहून आलेली, माझ्यासाठी राखून ठेवलेली.

"साहेबानूं, तुमी होतास म्हणान वाचलंय. त्या चेडवान माका वर धाडल्यान असता." चेडू म्हणजे ती मुलगी, रय्या.

जोडीदार म्हणाला, आपल्या माणसाचा हात लागला की फरक पडतोच. मग दोघं बराच वेळ बोलले, की या लोकांना एवढी घाई कशाला, आपली माणसं काढून यांना बसवायची, शिकायचं आपल्यावरच आणि मरायचंही आपणच. रमणने सगळ्या कॅम्पात सांगून ठेवलंय, इस्पितळात गेलात तर जयप्रकाश साहेब आहेत का ते आधी विचारा.

मी फक्त म्हटलं, गोळ्या वेळेवर घे.

आमसुलं घेतली. नको म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सकाळी कचेरीतून बोलावणं आलं. करार एक वर्ष वाढला. त्या बाईंनी कारणही सांगितलं, माझं अभिनंदन करत. दोनपैकी एक उमेदवार गळणार असं दिसतंय, म्हणजे अनुभवी माणूस लागणारच.

मी काही मागायला गेलो नव्हतो.

वासंतीला सांगितलं तर तिने देवासमोर साखर ठेवली. पूर्वाची बोर्डाची परीक्षा इथेच होणार, मधेच बोचकी बांधायला नकोत. वासंती खूश होती, आणि मग नव्हती. रांगोळीत रंग भरताना म्हणाली, "त्या मुलीचं काय झालं हो?" मी म्हटलं, चालू आहे. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पूर्वाने मात्र विचारलं. "बाबा, तुम्ही सांगितलं ना डॉक्टरना? फाइव्हचं?"

मी हो म्हटलं.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"बघू."

ती हसली आणि पणत्या लावायला गॅलरीत गेली. तिचं मराठी अडखळतं म्हणून मी तिला नेहमी टोकतो. आज तिची तीन वाक्यं सरळ होती, माझे दोन शब्द खोटे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

नुमानचा मेसेज आला. मला तो कधी मेसेज करत नाही. एवढंच, की उद्या रय्या सामान घेऊन इब्रीला जाते आहे, निरोप द्यायचा असेल तर अकराच्या आत या.

काय लिहून पाठवावं ते सुचेना म्हणून ही वही चाळत बसलो. सात सप्टेंबरचं पान. 'घाईत माणसाने आपल्या हाताच्या सवयीच्या आकड्यांत लिहावं, हात चुकत नाही.' माझं अक्षर. त्याच्या दोन ओळी वर, 'तुमचं शून्य म्हणजे आमचे पाच.' तेही माझंच अक्षर. वर विनोदही केलेला आहे.

म्हणजे तिने मी सांगितलं तसंच लिहिलं. मोठ्याने म्हणत होती ते मी बंद केलं. दसऱ्याला काही विचारायला आली होती, तिला घड्याळ दाखवलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मी ठेवलेली नाही. पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय.

आणि चौकशीत ती यातलं एक अक्षर बोलली नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

आठला डॉ. आफरीनसमोर चिठ्ठी ठेवली. कधी सापडली? बारा तारखेला. आज किती? सव्वीस. वहीतलं पानही नेलं होतं, मराठी त्यांना येत नाही, मी वाचून हिंदीत सांगितलं. सांगताना विनोदाचं वाक्य गाळलं. मग परत जाऊन तेही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "नंबर पढ़ने में चूक हो जाती है, जयप्रकाश. दो हफ़्ते की चूक नहीं होती."

सगळं लेखी मागितलं. मी तिथेच लिहून दिलं. करार वाढल्याचंही त्यात लिहिलं, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. त्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता फोन उचलला.

रय्या पार्किंगमध्ये सापडली. गाडीत बॅगा भरलेल्या. मी चिठ्ठी दाखवली, डॉक्टरांना सांगितल्याचं सांगितलं, माफी मागितली. पाठ करून गेलो होतो तेवढं सगळं बोललो. मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. आपल्या आकड्यांत लिहा असं मीच म्हटलं होतं, ते तू चौकशीत का सांगितलं नाहीस?

ती किल्ल्या चाळवत होती.

"मला वाटलं, तुम्हाला आठवेल. म्हणून थांबले होते."

तिला डॉक्टरांचा फोन येत होता. ती घ्यायला बाजूला गेली. मी उन्हात उभा राहिलो. थोड्या वेळाने तिने बॅगा काढायला सुरुवात केली. हात लावायला पुढे झालो तर म्हणाली, "नको, मिस्टर जयप्रकाश." उस्ताज म्हणाली नाही.

रात्री पूर्वाला सांगितलं की लक्ष्मीपूजनाला मी खोटं बोललो होतो. तिने विचारलं, "सगळंच?" म्हटलं, दोन शब्द. ती म्हणाली, "दोनच होते ना पण." तिला नीट सांगता येत नव्हतं. मला कळलं, म्हणजे सगळंच.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

रुसैलला गेलो. रमणच्या कॅम्पात पाळी सुटण्याची वेळ, माणसं बादल्या घेऊन रांगेत. त्याने खुर्ची आणून दिली, स्वतः खाटेवर बसला. दहा-बारा जण भोवती जमले, साहेब आलेत म्हणून. वाटलं होतं एकट्याला गाठून सांगावं. मग म्हटलं, त्याने सगळ्यांना सांगितलंय, तर सगळ्यांतच सांगू.

सांगितलं. मी आकडा चुकीचा वाचला. मुलीने बरोबर लिहिला होता. मला ते कळल्यानंतरही मी गप्प होतो, आणि तू आमसुलं घेऊन आलास तेव्हाही गप्प होतो.

रमण प्लास्टरवर बोट फिरवत राहिला.

"हात मोडलो, तो जुळतलो. पण मी सगळ्या कॅम्पात सांगत सुटलंय, तेचा काय?"

मी म्हटलं, ते आता झालं. तो म्हणाला, कसलं झालं, अर्धे जण ड्युटीवर आहेत. त्या जोडीदाराने मान फिरवली होती. चहा आला नाही. पहिल्यांदाच.

आमसुलांची पिशवी मी बरोबर नेली होती. परत द्यायला काढली तर रमणला राग आला, आज पहिल्यांदाच. दिलेली वस्तू परत घेत नाहीत आमच्यात, म्हणाला. पिशवी घेऊन परत आलो. आता ती स्वयंपाकघरात आहे. वासंतीने अजून उघडलेली नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

निर्णय आला. माझी मुदतवाढ रद्द. मार्चपर्यंत, म्हणजे पूर्वाची परीक्षा होईपर्यंत, राहायला परवानगी, तीही डॉ. आफरीनच्या शब्दावर. शिकवणी आता त्या स्वतः घेतात. मी ओपीडीत नोंदी करतो. वासंती म्हणाली, बरंच झालं.

रय्या परीक्षेला बसणार आहे. इब्री जानेवारीऐवजी फेब्रुवारीत सुरू होईल. माझ्यामुळे एक महिना. तिच्या आजीची जानेवारीतली खेप सहा तासांची, तीही माझ्यामुळे.

आज रमणची तारीख होती. टेबलावर चढण्याआधी थांबला. मला वाटलं मला शोधतोय. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मालवणीत, तिला एक अक्षर कळत नसताना, म्हणाला, "बाय, तूच बघ गो." ती माझ्याकडे वळली नाही. अर्थ तिचा तिने लावला असावा.

ओपीडीत आता पुन्हा मोठ्याने बोलायचा नियम आहे. आकडा म्हणायचा, दुसऱ्याने परत म्हणायचा, मग लिहायचा. ती व्होल्ट उतरवत गेली. रमण छताकडे बघत होता, प्लास्टर निघालेला हात पांढरा, सुरकुतलेला. पट्टीवर ठोका चुकला. तिने बोट उचललं, ठोके परत आले.

'लॉस' म्हणाली नाही. रमणकडे वाकून, त्याला कळेल अशा बेताने, म्हणाली, "दीड."

रमणने मान हलवली. मग खोलीत कुणी बोलेना, तेव्हा लक्षात आलं की परत म्हणायचं काम माझं आहे.

"दीड," मी म्हटलं.

नोंदवहीत आकडा भरला आणि त्याच्या पुढे अक्षरी लिहिलं.

"थँक यू, मिस्टर जयप्रकाश," ती म्हणाली. "पुढचा पेशंट बोलवा."